सॉनातून उठताना अंधारी येते तेव्हा: इन्फ्रारेड केबिन कुणी, किती आणि कशी वापरावी

प्रश्न: मी ५६ वर्षांची, राहायला नाशिकला. दोन्ही गुडघे दुखतात आणि झोप तुटक आहे. मिस्टर ६२ वर्षांचे. त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी आणि शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन चालू आहे. घराजवळच्या एका सेंटरमध्ये त्यांच्या नावावर इन्फ्रारेड सॉनाचं, म्हणजे उष्ण किरणांनी अंग तापवून घाम काढणाऱ्या केबिनचं, १२ बैठकांचं पॅकेज घेतलं. दर वेळी ४० मिनिटं, ६० अंश. दुसऱ्या बैठकीनंतर बाहेर येताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंतीला धरून खाली बसले. सेंटरवाले म्हणाले, "टॉक्सिन बाहेर पडताहेत, सुरुवातीला असं होतं." एका बैठकीत ६०० कॅलरी जळतात असंही सांगतात आणि काट्यावर खरंच अर्धा किलो कमी दिसतं. मुलगी अमेरिकेत असते, ती सॉना ब्लँकेट पाठवते म्हणतेय. पॅकेज पुढे चालू ठेवावं का? मी स्वतः बसले तर गुडघ्यांना फायदा होईल का? आणि घरी घ्यायचं तर काय घ्यावं?

उत्तर:

नमस्कार ताई,

मिस्टरांची तिसरी बैठक आधी थांबवा, मग बाकीचं बोलू. त्यांना आलेल्या अंधारीचा टॉक्सिनशी काहीही संबंध नव्हता. उभं राहिल्यावर मेंदूकडे जाणारं रक्त काही सेकंद कमी पडलं, एवढंच झालं. ते का कमी पडलं, याचं निम्मं उत्तर त्यांच्या गोळीच्या पाकिटावर छापलेलं आहे.

केबिनमध्ये अंग तापलं की उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल सोडतं. रक्त कातडीकडे वळतं आणि माणूस बसलेला असल्यामुळे पायांतही उतरतं. हृदय ठोके वाढवून ही तूट भरून काढतं. एरवी मिनिटाला ७०-७५ असणारे ठोके शंभराच्या पुढे जातात. त्यात घामावाटे अर्धा लिटर पाणी गेलेलं असतं. बसून आहोत तोवर हे निभतं. उभं राहिलं की मात्र पायांतल्या वाहिन्यांनी लगेच आवळून रक्त वर ढकलायचं असतं. टेल्मिसार्टन नेमकं हे आवळणं कमी करतं, म्हणून तर ती बीपीची गोळी. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ आणि पाणी काढून टाकतं, म्हणजे मिस्टर केबिनमध्ये शिरले तेव्हाच त्यांच्या अंगात पाण्याची शिल्लक कमी होती. साठीनंतर ही आवळण्याची क्रिया तशीही मंदावते. हे सगळं ४० व्या मिनिटाला एकत्र आलं आणि ते ताडकन उठले. भिंत हाताशी होती म्हणून खुब्याचं हाड वाचलं असं समजा.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. सॉनासाठी बीपीची गोळी चुकवायची नसते, गोळी चालू असताना सॉना झेपतो का ते बघायचं असतं. हे घरच्या बीपी मशीनवर कळतं. सॉना नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा आणि एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर घरातल्या घरातही त्यांना उठताना पडण्याचा धोका आहे. ते तिन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. अशा माणसाने सॉनात बसूच नये. आकडे सरळ आले, तरी झालेला प्रकार डॉक्टरांना सांगून त्यांचा होकार घ्यायचा आहेच.

शुगरच्या गोळीचंही ऐका. एकटं मेटफॉर्मिन शुगर सहसा फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. शुगर उतरल्याची लक्षणं कोणती? दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय गळणं. केबिनमध्ये हे सगळं असंही होतच असतं, त्यामुळे धोक्याची घंटा वाजली तरी ऐकू येत नाही. पुढे कधी बसायचं ठरलंच, तर आधी ग्लुकोमीटर लावायचा. आकडा १०० च्या खाली असेल तर त्या दिवशी बसायचं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी एक जोड: टोचलेली जागा तापली की इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं, म्हणून इंजेक्शननंतर लगेच बसू नये. इन्सुलिनचं पेन तर केबिनच्या आत अजिबात नेऊ नये, त्या उष्णतेत औषध खराब होतं.

मधुमेहात तिसरी गोष्ट पायांची. बऱ्याच केबिनमध्ये पोटऱ्यांमागे आणि तळव्यांखाली वेगळे हीटर असतात. वर्षानुवर्षं शुगर असलेल्यांच्या तळव्यांची जाणीव हळूहळू कमी होते, आणि चटका बसतोय हे कळतच नाही. पाय बाहेर काढल्यावर फोड दिसतो आणि मधुमेहात तो फोड महिनोन्‌महिने भरत नाही. डॉक्टरांकडे तळव्याला बारीक नायलॉनचा दोरा टेकवून जाणीव तपासतात. दोन मिनिटांचं काम आहे, मिस्टरांचं करून घ्या. जाणीव कमी निघाली तर सॉना तर नकोच, पण घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही पाय शेकू नका.

बीपी आणि शुगरखेरीज आणखी काही औषधांत हाच घोळ होतो. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, शुगरची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, मानसिक आजारासाठीचं लिथियम, आणि अंगाला चिकटवायचे औषधी पॅच. पॅचखालची कातडी तापली की औषध ठरल्यापेक्षा जास्त वेगाने आत जातं. यातलं काही चालू असेल तर सेंटरच्या फॉर्मवर नुसती सही करून भागत नाही, डॉक्टरांना विचारावं लागतं. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेला असेल, छातीत अधूनमधून दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, गर्भारपण असेल किंवा ताप असेल, तर बसायचंच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांची लक्षणं उष्णतेने वाढतात. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनीही काही महिने लांब राहावं, कारण उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटते आणि भरून यायला वेळ लागतो.

आता तो ६०० कॅलरींचा आकडा. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. लिटरभर घामाचे झाले ५८०, म्हणजे जवळपास ६००. हिशेब इथून आलेला दिसतो. पण घाम वाळवणारी ती उष्णता हीटरमधून आलेली असते, तुमच्या पोटावरच्या चरबीतून नाही. शिवाय निम्मा घाम वाळतच नाही, टॉवेलवर टपकतो. ४० मिनिटं नुसतं बसून ५० किलोकॅलरीच्या आसपास खर्च होतात, ठोके वाढल्यामुळे त्यात थोडीशी भर पडते. जेवणातल्या एका पोळीएवढं धरा. काट्यावर उतरलेला अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. ते रात्रीपर्यंत परत भरलंच पाहिजे आणि नाही भरलं तर ती काळजीची गोष्ट आहे.

टॉक्सिनचंही तसंच. घामात ९९ टक्के पाणी असतं, उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडा युरिया, आणि धातूंचे अगदी नाममात्र अंश. रक्त गाळण्याचं काम मूत्रपिंडं करतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि जवळपास सगळा परत शोषून घेतात. घाम गाळून पाणी कमी केलं तर मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त घटतं, म्हणजे अंग "स्वच्छ" करण्याच्या नादात स्वच्छ करणाऱ्या अवयवावरच ताण पडतो. बीपी-शुगर असलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट हलकी घेण्यासारखी नाही.

मग इन्फ्रारेड सॉनाचा उपयोग काय? आहे, आणि तो नीट समजून घेतला तर आनंदाने घेता येतो. चुलीसमोर बसल्यावर तोंड तापतं आणि पाठ गार राहते. मधली हवा न तापवता उष्णता थेट अंगावर येते, ती ही किरणं. फिनलंडच्या पारंपरिक सॉनात हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापवतात. इन्फ्रारेड केबिनमध्ये ४५ ते ६० अंशांत घाम येतो, म्हणून ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांना ती सोसते. किरणं चार सेंटीमीटर आत शिरून सांध्याला पोचतात असं विक्रेते सांगतात, ते खरं नाही. केबिनच्या भिंतीतल्या कार्बनच्या हीटर पॅनलमधून येणारी लांब लहरींची किरणं कातडीतल्या पाण्यात मिलीमीटरच्या आतच शोषली जातात. तिथून पुढे उष्णता रक्त वाहून नेतं. तुमच्या गुडघ्याला बरं वाटतं ते स्नायू सैल झाल्यामुळे आणि मन निवल्यामुळे. यात कमीपणा काही नाही, पण त्याने झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, भरून येत नाही.

अभ्यासांबद्दल थोडं, कारण जाहिरातींत त्यांचीच भेसळ फार असते. "सॉनाने हृदयविकार टळतो" असं ज्यावरून सांगतात तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा. आठवड्याला ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. पण तो सॉना ८० अंशांच्या आसपासचा, लहानपणापासून सवयीचा. शिवाय जो माणूस आठवड्यात इतक्या वेळा सॉनात बसू शकतो तो मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. तो निकाल तुमच्या कॉलनीतल्या केबिनला चिकटवता येत नाही. इन्फ्रारेडच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये संधिवाताच्या १७ आणि मणक्याच्या आखडणाऱ्या संधिवाताच्या १७ रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. चार आठवड्यांत आठ बैठका. बैठकीच्या वेळी दुखणं आणि आखडणं कमी झालं, त्रास वाढला नाही, पण फायदा पुढे टिकल्याचं ठोसपणे दिसलं नाही. तुम्हीही गुडघ्यांसाठी इतकीच अपेक्षा ठेवा: काही तासांचा आराम.

जपानमधल्या कागोशिमाच्या डॉक्टरांनी हृदय अशक्त झालेल्या रुग्णांसाठी "वाओन" नावाची पद्धत बसवली. इन्फ्रारेड खोलीत ६० अंशांवर १५ मिनिटं. मग लगेच बाहेर काढून अर्धा तास घोंगडीत गुंडाळून आडवं झोपवायचं. शेवटी आधी-नंतरचं वजन बघून जेवढं उतरलं तेवढं पाणी पाजायचं. हे सगळं दवाखान्यात, देखरेखीखाली. सेंटरने यातले ६० अंश तेवढे ठेवले, वेळ १५ ची ४० मिनिटं केली आणि आडवं झोपण्याचा अर्धा तास उडवून टाकला. मिस्टरांना अंधारी आली ती या उडवलेल्या अर्ध्या तासात.

हे आपलंच जुनं स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम काढणं, आहे असंही तुम्हाला कुणी सांगेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १४ वा अध्याय स्वेदनाचा आहे. त्यात अग्नीच्या शेकाचे १३ प्रकार दिलेत, पण त्याच अध्यायात डोळे, हृदय आणि वृषण यांना शेक अगदी मृदू द्यावा किंवा देऊच नये, असं बजावलेलं आहे. परंपरेचा दाखला द्यायचा तर हे बजावणंही सोबत घ्यावं.

तुमच्याकडे वळू. तुम्हाला बीपी-शुगर नाही असं धरून सांगतो. असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. तुम्हाला सॉना चालेल, पण ४० मिनिटं नाही. पहिल्या आठवड्यात ४५ अंशांवर १० मिनिटं, दोनदा. दुसऱ्या आठवड्यापासून ५० अंशांवर १५ मिनिटं. महिन्याभरात ५५ अंशांवर २० मिनिटांपर्यंत या आणि तिथेच थांबा. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. आकड्याच्या मागे लागू नका. तापमानाच्या काट्याचा सेन्सर बहुतेक वेळा छताजवळ असतो, तिथे ५५ असताना पायाजवळ बरंच कमी असतं. आणि हवा थंड असली तरी पॅनलची किरणं अंगावर पडतच असतात, त्यामुळे "अजून तापलंच नाही" म्हणत वेळ वाढवणाऱ्यांची फसगत होते. घाम कपाळावरून ओघळायला लागला की आणखी पाच-सात मिनिटं, ही खूण काट्यापेक्षा भरवशाची.

जाण्याआधी तासाभरात दोन ग्लास पाणी प्या. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या, पण रिकाम्या पोटीही नको. एकादशीला किंवा चतुर्थीला उपवास असेल तर तो दिवस सोडा, निर्जळी असेल तर नक्कीच. अंगठ्या, साखळी, मंगळसूत्र उतरवून ठेवा. धातू तापून चटका बसतो. तेल किंवा बाम लावून बसू नका. गुडघ्याला लावलेला झोंबरा बाम केबिनमध्ये असह्य होतो. सुती सैल कपडे आणि तीन टॉवेल घ्या: एक बसायला, एक पायांखाली, एक घाम पुसायला. पाठ पॅनलच्या जाळीला टेकू देऊ नका, चार बोटं अंतर राहू द्या. लाल तापून उजेड देणारे दिवे असलेली केबिन असेल तर दिव्याकडे बघत बसू नका. भट्टीपुढे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काचकामगारांना याच किरणांनी मोतीबिंदू होतो.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, धडधड वाढली किंवा इतक्या उष्णतेत अंगावर काटा आला, तर घड्याळ न बघता बाहेर या. चालू असलेला घाम अचानक आटला तर तो आणखी वाईट इशारा. त्या माणसाला आडवं करून पाय वीतभर उंच करा, पंखा लावा आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच घोट-घोट पाणी द्या. बोलण्यात गोंधळ दिसला, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर वाट न बघता १०८ लावा.

बाहेर येण्याची रीत आत बसण्याच्या रीतीपेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवटची तीन मिनिटं हीटर बंद करून दार वीतभर उघडा. बसल्या जागीच पाय जमिनीवर ठेवून टाचा उचला-टेकवा, ३० वेळा. पोटऱ्या आवळल्या की पायांत साचलेलं रक्त वर चढतं. मग दाराची चौकट धरून उठा आणि उभ्या उभ्या दहा आकडे मोजा. पहिलं पाऊल बाहेरच्या स्टुलापर्यंतच. तिथे दहा मिनिटं बसा, शक्य असेल तर आडव्या व्हा. घाम बाहेर आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं येत राहतो. तो थांबायच्या आत अंघोळ केली तर अंघोळीनंतर पुन्हा घाम फुटतो. अंघोळ कोमट पाण्याने आणि बसून. आपल्याकडे कडकडीत पाण्याची सवय असते, पण इथे ते पाणी वाहिन्या पुन्हा सैल करतं आणि बाथरूममधली फरशी ओली असते. एकदम गार पाणीही नको.

पाणी किती प्यायचं हे अंदाजाने ठरवू नका. आत जाण्याआधी आणि घाम पुसून बाहेर आल्यावर वजन करा. ४०० ग्रॅम उतरलं तर पुढच्या दोन तासांत ४०० ते ६०० मिली पाणी. तेवढ्या घामात साधारण एक ग्रॅम मीठ जातं. रोजच्या जेवणातल्या पापड-लोणच्यात ते भरून निघतं, त्यासाठी रोज इलेक्ट्रोलाइटची पाकिटं लागत नाहीत. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांना हे गणित लागू नाही.

झोपेसाठी वेळ महत्त्वाची. अंग तापून नंतर निवताना झोप लागते, म्हणून अंथरुणावर पडण्याआधी दीड-दोन तास बैठक संपवा. रात्री दहाला झोपत असाल तर साडेआठला बाहेर. खरं सांगायचं तर यासाठी केबिनच हवी असं नाही. झोपायच्या तास-दोन तास आधी ४० अंशांच्या थोड्या वरच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली किंवा बादलीत पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून बसलात, तरी झोपेला मदत होते. आधी दोन आठवडे तेच करून बघा.

गुडघ्यांसाठी आम्ही आग्रहाने सांगू: मांडीचा पुढचा स्नायू बळकट करा. उताणं झोपून गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, गुडघा त्यावर दाबा, मांडी कडक करून पाच ते दहा सेकंद धरा आणि सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. सॉनानंतर निवून, पाणी पिऊन झालं की गुडघे मोकळे असतात, तेव्हा हा व्यायाम सोपा जातो आणि त्या काही तासांच्या आरामाचा खरा उपयोग होतो. गुडघा सुजलेला, लाल आणि हाताला गरम लागत असेल तर मात्र शेक नको, डॉक्टरांना दाखवा. फक्त गुडघाच शेकायचा असेल तर फिजिओथेरपीतला दिव्याचा शेक किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी १५ मिनिटं पुरते. त्यासाठी सगळं अंग तापवायची गरज नाही.

कातडीचं एक लक्षात ठेवा. चेहऱ्यावर वांग असेल तर उष्णतेने तो गडद होतो. चेहऱ्यावर ओला पंचा ठेवा किंवा डोकं बाहेर राहील अशा सॉनाच्या घडीच्या तंबूत बसा. शेगडीपुढे रोज बसणाऱ्यांच्या नडगीवर तपकिरी जाळी उमटलेली तुम्ही पाहिली असेल. एकाच जागी पुन्हापुन्हा किरणं पडली की ती केबिनमध्येही उमटते. दिसायला लागली की बैठका थांबवायच्या; चालूच ठेवल्या तर डाग कायमचे राहतात.

मुलीला ब्लँकेट पाठवू नको म्हणा. ब्लँकेटमध्ये तापलेला थर अंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे चटक्याचा धोका जास्त. हात आत अडकलेले असतात आणि चेन उघडून बाहेर येणं घाबरलेल्या माणसाला जमत नाही. मिस्टरांनी तर त्याला हातही लावू नये. शिवाय अमेरिकेतली उपकरणं १२० व्होल्टची असतात, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ती जळतात.

घरी घ्यायचंच असेल तर डोकं बाहेर राहणारा, आतून चेन उघडणारा घडीचा तंबू एका माणसाला पुरतो. दोन माणसांची लाकडी केबिन १६०० ते २००० वॉटची येते. २००० वॉटला २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर लागतात. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावली तर सॉकेट वितळतो. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, बोर्डापासून वेगळी ओढलेली २.५ किंवा ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती लगेच तोडणारा स्विच). ओल्या अंगाने बसायच्या जागी हा शेवटचा भाग वगळून चालत नाही. एक्स्टेंशन बोर्ड नको. गिझर आणि केबिन एकाच वेळी लावू नका. २० मिनिटं तापायला आणि २० मिनिटं बसायला धरली तर जास्तीत जास्त सव्वा-दीड युनिट जळतात. तुमच्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा. बाल्कनीत किंवा बाथरूमला लागून ठेवू नका, नाशिकच्या पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरते. वापरून झाल्यावर दार तासभर उघडं. लाकूड भरीव हवं, प्लायवूड असेल तर तापल्यावर डिंकाचा उग्र वास येतो. नवी केबिन आधी दोन-तीनदा तासभर रिकामी, दार उघडं ठेवून तापवा. त्यानंतरही डोळे चुरचुरत असतील तर ती परत करा.

आता पॅकेजचे पैसे. सेंटरला लेखी कळवा की दुसऱ्या बैठकीनंतर त्रास झाला आहे आणि उरलेल्या दहा बैठका तुमच्या नावावर करून हव्या आहेत. सोबत चार गोष्टी मागा: तापमान ५० च्या वर न्यायचं नाही, वेळ जास्तीत जास्त १५ मिनिटं, दाराला आतून-बाहेरून कडी नको, नुसतं चुंबक किंवा ढकलून उघडणारं दार हवं, आणि बाहेर पूर्ण वेळ एक माणूस हजर. बाहेर आडवं व्हायला बाकडं आहे का तेही जाऊन बघा. हे मान्य नसेल तर उरलेले पैसे परत मागा आणि पावती जपून ठेवा. मिस्टरांच्या बीपीचे झोपून आणि उभ्याने घेतलेले आकडे आले की आम्हाला जरूर कळवा. त्याआधी ते डॉक्टरांना दाखवा.